लोंबती साखळी आणि उभी कमान

भिंतीत समपातळीवर दोन खिळे ठोकून त्यांच्यामध्ये एक साखळी सैल सोडली, तर ती क्षणभर हेलकावे खाते आणि मग एका ठरावीक वळणावर स्थिर होते. ते वळण तिला कोणी शिकविलेले नसते. दारावरची झेंडूची माळ घ्या, की दोन खांबांमधली विजेची तार घ्या, गोष्ट तीच. प्रत्येक कडीला शेजारच्या दोन कड्या आपापल्या बाजूला ओढीत असतात, पृथ्वी खाली ओढीत असते, आणि या तिन्ही ओढींचा जेथे मेळ बसतो तेथे ती कडी विसावते. या अगदी घरगुती दृश्यात इमारतीच्या शास्त्राचे एक मोठे सूत्र दडलेले आहे, हे स्पष्ट शब्दांत प्रथम मांडणारा पुरुष म्हणजे लंडनचा रॉबर्ट हुक होय.

१६६६ सालच्या आगीत लंडन शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. शहराची मोजणी आणि पुनर्रचना यांच्या कामात हुकची नेमणूक झाली होती, आणि सेंट पॉलचे प्रार्थनामंदिर नव्याने उभारण्याचे काम त्याचा स्नेही क्रिस्टोफर रेन याच्याकडे आले होते. कमान किती जाड असावी आणि तिने कोणते वळण घ्यावे, हा प्रश्न त्या दोघांपुढे केवळ विद्वत्तेचा नव्हता. १६७५ च्या सुमारास हुकने आपल्या एका पुस्तकाच्या अखेरीस एका लॅटिन वाक्याची अक्षरे वर्णानुक्रमाने लावून छापली. शोध आपला म्हणून नोंदला तर जावा, पण दुसऱ्याच्या हाती लागू नये, अशी ही त्या काळची युक्ती होती. हुक १७०३ साली वारला आणि १७०५ साली त्याचे कागदपत्र छापून निघाले, तेव्हा त्या कोड्याचा उलगडा झाला. त्याचा आशय असा की, लवचिक साखळी ज्या आकारात लोंबते तोच आकार उलटा केला असता एकमेकांना टेकलेल्या ताठ दगडांची कमान उभी राहते.

या सूत्राचे मर्म थोडे थांबून पाहिले पाहिजे. साखळीला फक्त ओढ समजते. तिला दाबता येत नाही. दगड आणि वीट यांचे नेमके उलट आहे. त्यांना दाब कितीही सोसतो, पण ओढ सोसत नाही. साखळीचे चित्र उलटे धरले की प्रत्येक ओढीचा दाब होतो, बाकी मेळ जशाचा तसा राहतो. म्हणून त्या वळणाची कमान चुन्यावाचून, खिळ्यावाचून, केवळ आपल्या वजनाच्या बळावर उभी राहू शकते. वजन हाच तिचा शत्रू आणि वजन हाच तिचा आधार. रेनने सेंट पॉलच्या बाहेरच्या आणि आतल्या घुमटांच्या मध्ये विटांचा एक तिसरा, शंकूच्या आकाराचा घुमट लपविला आणि शिखरावरच्या दगडी मनोऱ्याचा शेकडो टनांचा भार त्यावर तोलला. तो शंकू खालून दिसत नाही आणि बाहेरूनही दिसत नाही. खरे काम करणारा मात्र तोच आहे.

साखळीच्या वळणाचे समीकरण १६९१ साली लायब्निट्स, हायगेन्स आणि योहान बेर्नुली यांनी स्वतंत्रपणे सोडविले. गवंड्याच्या दृष्टीने त्यापेक्षा मोलाची भर स्कॉटलंडच्या डेव्हिड ग्रेगरीने १६९७ साली घातली. कमानीने साखळीचाच आकार घेतला पाहिजे असे नाही. तिच्या जाडीच्या पोटात कोठेतरी अशी उलटी साखळी मावली म्हणजे पुरे, असे त्याने सांगितले. अर्धवर्तुळाच्या जुन्या कमानी शतकानुशतके का उभ्या राहिल्या, याचे कारण यात आले. त्या जाड होत्या. साखळीला आत जागा होती.

या विचाराची खरी कसोटी रोममध्ये लागली. सेंट पीटरच्या मंदिराचा घुमट १५९० साली पुरा झाला होता. त्याचा व्यास सुमारे ४२ मीटर. विजापूरचा गोल घुमट ज्यांनी पाहिला आहे त्यांना या विस्ताराची कल्पना सहज येईल. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात या घुमटाला वरून खाली जाणाऱ्या भेगा दिसू लागल्या आणि ख्रिस्ती जगताचे सर्वांत मोठे मंदिर यात्रेकरूंच्या डोक्यावर कोसळते की काय, अशी भीती पसरली. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी तीन गणितज्ञांकडून चौकशी करविली. त्यांचा निष्कर्ष काळजी वाढविणारा होता, आणि त्यांच्यावर टीकाही बोचरी झाली. मायकेल अँजेलोने हा घुमट गणितावाचून आखला, मग दुरुस्तीलाच गणित कशाला, असे लोक म्हणू लागले. तेव्हा १७४३ साली पादुआचे प्राध्यापक जोव्हान्नी पोलेनी यांना पाचारण करण्यात आले.

पोलेनींनी केले ते असे. संत्र्याच्या फाका कराव्यात तशा त्यांनी कागदावर घुमटाच्या पन्नास फाका केल्या. भेगांनी घुमट उभा चिरलाच होता. तेव्हा प्रत्येक फाक शेजारणीच्या मदतीवाचून, केवळ समोरच्या फाकेला टेकून उभी राहू शकते काय, एवढाच प्रश्न उरला. समोरासमोरच्या दोन फाकांची मिळून एक कमान होते. तिचे त्यांनी भाग पाडले, प्रत्येक भागाचे वजन काढले आणि त्या वजनांच्या प्रमाणात लहानमोठ्या बत्तीस गोळ्या एका दोऱ्यात ओवून तो दोरा लोंबत सोडला. त्याने घेतलेले वळण उलटे करून घुमटाच्या छेदावर ठेविले, तो ते दगडी जाडीच्या आतच राहिले. घुमटाला भेगा होत्या, पण घुमट पडणार नव्हता. तरीही सावधगिरी म्हणून घुमटाभोवती लोखंडाची नवी पाच कडी बसविण्यात आली, आणि पोलेनींनी ही सगळी हकीकत १७४८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. एका दोऱ्याने आणि बत्तीस गोळ्यांनी एवढ्या मोठ्या वास्तूविषयी निर्भयपणे निर्णय द्यावा, ही गोष्ट आजही वाचणाऱ्याला थक्क करते. विशेष हे की त्यांनी घुमट पाडून नवा बांधण्याचा सल्ला दिला नाही. कोणत्याही इमारतीतला सर्वांत स्वस्त दगड म्हणजे जो पुन्हा खाणीतून काढावा लागत नाही तो.

पुढे एकोणिसाव्या शतकात झुरिचच्या कार्ल कुलमान यांनी १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाने रेषा ओढून बलांचा हिशेब करण्याच्या पद्धतीला शास्त्राचे रूप दिले. साखळी आता कागदावरच लोंबविता येऊ लागली. पण त्याच सुमारास कमानीचेच दिवस भरत आले होते. लोखंड स्वस्त झाले, आणि १८९२ साली फ्रान्समध्ये फ्रान्स्वा एनबिकने लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या बांधणीचे पेटंट घेतले. काँक्रीट दाब सोसते, सळई ओढ सोसते; दोघांची जोडी जमल्यावर वाकड्या कमानीची गरज कोणाला? सपाट फळ्यांचा साचा करावा, सळया पसराव्यात, काँक्रीट ओतावे, की स्लॅब तयार. आज शहरातल्या बहुतेक कुटुंबांच्या डोक्यावर आणि पायांखाली हाच स्लॅब आहे.

स्लॅबने घरे स्वस्त केली आणि मजल्यावर मजले चढविले, हे त्याचे उपकार कोणी नाकारू नयेत. पण त्याची एक मेख आहे. सपाट स्लॅब भाराखाली किंचित वाकतो. वाकताना त्याचा वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. खालच्या थरात काम सळया करतात. तेथले काँक्रीट फक्त सळयांना धरून ठेवते. मधल्या थराला तर फारसे कामच नसते. म्हणजे ओतलेल्या मालापैकी बराचसा स्वतःचेच वजन वाहण्यापुरता असतो, आणि ते वजन पुढे तुळया, खांब आणि पाया यांनाही पेलावे लागते. सिमेंट महाग होते तोवर ही उधळपट्टी खिशाला कळत होती. आता ती हवेला कळू लागली आहे. सिमेंटसाठी चुनखडी सुमारे १४५० अंश सेल्सियसपर्यंत भाजावी लागते. भट्टीतल्या इंधनाचा धूर वेगळाच. चुनखडी फुटतानाच तिच्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि हाच वाटा निम्म्याहून अधिक असतो. जगात वर्षाला सुमारे चार अब्ज टन सिमेंट तयार होते, आणि मानवी व्यवहारातून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सातआठ टक्के त्याच्या खाती पडतो. सिमेंटच्या उत्पादनात चीनच्या खालोखाल भारताचा क्रमांक लागतो. चुनखडीतला हा वायू भट्टीचे इंधन बदलून जात नाही. म्हणून माल कमी वापरणे हा एक मार्ग उरतो, आणि माल कमी कसा वापरावा हे हुकच्या साखळीला ठाऊक होते.

साखळीचा मार्ग एका मनुष्याने मध्यंतरीच्या काळातही सोडला नव्हता. तो म्हणजे बार्सेलोनाचा अंतोनी गौदी. कापडगिरणीचे मालक एउसेबी ग्वेल यांनी आपल्या कामगारवस्तीसाठी १८९८ साली त्याला एक मंदिर बांधावयास सांगितले. गौदीने नकाशा काढला नाही. छताला दोऱ्या टांगून, त्यांना शिशाच्या छऱ्यांच्या लहान लहान पिशव्या बांधून, त्याने मंदिराची एकदशांश मापाची उलटी प्रतिकृती करावयास घेतली. प्रत्येक दोरी म्हणजे एक खांब किंवा कमान, आणि प्रत्येक पिशवी म्हणजे तिच्यावर येणारा भार. या जाळ्यात एक दोरी आखूड केली की तिला बांधलेल्या साऱ्या दोऱ्या हलत, मग साऱ्या पिशव्यांची वजने पुन्हा जुळवावयाची. हे काम १९०८ पर्यंत, म्हणजे दहा वर्षे चालले! मग छायाचित्रे घेऊन ती उलटी धरली आणि त्यांवर रंगाने मंदिर रंगविले. प्रत्यक्षात तळघराचा भागच तेवढा पुरा झाला. १९१४ च्या सुमारास काम थांबले. त्या तळघरातले तिरके खांब पाहून प्रथमदर्शनी ते लहरी वाटतात, पण त्यांचा तिरपेपणा हिशेबाचा आहे. भार ज्या दिशेने खाली उतरतो त्या दिशेनेच ते झुकलेले आहेत. मूळ प्रतिकृती टिकली नाही.

गौदीची अडचण बुद्धीची नव्हती, वेळेची होती. एका आकारासाठी दहा वर्षे देणारा धनी शेकडो वर्षांत एखादाच मिळतो. स्वित्झर्लंडच्या हाइन्झ इसलरने ही अडचण थंडीच्या साह्याने थोडी सोडविली. हिवाळ्याच्या रात्री ओले कापड चार कोपऱ्यांनी टांगावे, ते गोठून ताठ झाले की उलटे करून मोजावे, असा त्याचा खाक्या. या रीतीने त्याने केलेली काँक्रीटची टरफले अवघी आठनऊ सेंटिमीटर जाड असून मोटाररस्त्यांच्या कडेला आजही उभी आहेत.

जर्मनीचा फ्राय ओटो याला काटकसरीचा धडा युद्धाने दिला. दुसऱ्या महायुद्धात तो वैमानिक होता. पकडला गेल्यावर फ्रान्समधील शार्त्र येथील कैद्यांच्या छावणीत त्याच्यावर बांधकामाचे काम आले, आणि तेथे माल जवळजवळ नव्हताच. कमीत कमी मालात जास्तीत जास्त जागा कशी झाकावी, हा एकच प्रश्न त्याने पुढे जन्मभर विचारला. साबणाच्या पाण्याचा पापुद्रा तारेच्या कडीवर ताणला असता तो आपोआप कमीत कमी क्षेत्रफळाचा होतो, हे ध्यानात घेऊन त्याने तंबूंचे आकार साबणाच्या फेसातून शोधले. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या क्रीडांगणावरील पोलादी दोरांचे विस्तीर्ण छत हे या विचाराचे फळ. त्याचा आराखडा गुंटर बेनिश आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा होता. आकार शोधण्याच्या कामी ओटोचे साह्य झाले.

येथे संगणकाचा प्रवेश होतो, आणि तो कशासाठी झाला हे पाहण्यासारखे आहे. छताच्या तारेच्या प्रतिकृती १२५ पट लहान होत्या. त्यांवर एक मिलिमीटर चूक झाली की जागेवर ती साडेबारा सेंटिमीटरांची होई. पोलादी दोर तर आधीच मापाने कापून आणावयाचे. साडेबारा सेंटिमीटर कमी पडलेला दोर लांब कसा करणार? तेव्हा स्टुटगार्टचे मोजणीशास्त्रज्ञ क्लाउस लिंकवित्स यांनी प्रतिकृतींची छायाचित्रांवरून मोजणी केली आणि उरलेल्या चुका संगणकाच्या साह्याने दुरुस्त केल्या. त्या खटाटोपातून त्यांना आणि हान्स-योर्ग शेक यांना एक सुंदर युक्ती सापडली. प्रत्येक दोरातले बल आणि त्याची लांबी यांचे गुणोत्तर आधी ठरवून टाकले, तर साऱ्या गाठींच्या समतोलाची किचकट समीकरणे एकदम सरळ होतात आणि संपूर्ण जाळ्याचा आकार थेट निघतो. गौदीच्या दोरीजाळ्याला जे दहा वर्षांत साधले ते आता आकड्यांच्या साखळीला साधणार होते. तथापि यंत्रावर आंधळा विश्वास अजून बसला नव्हता, हेही बरेच. १९७५ साली मानहाइम येथे लाकडी पट्ट्यांच्या जाळीचे मोठे छत उभारले, त्याचा आकार टांगलेल्या साखळ्यांच्या जाळ्यावरून घेतला होता आणि हिशेब संगणकाने केला होता. तरी मंडळींनी पाण्याने भरलेली पिंपे त्या छताला टांगून ते किती लवते हे मोजले, आणि मगच त्यांना झोप लागली असावी!

संगणकाचा दुसराही एक उपयोग त्याच काळात झाला, आणि तो उलट दिशेचा होता. सिडनीच्या नाट्यगृहाची स्पर्धा १९५७ साली डेन्मार्कच्या यॉर्न उट्झॉन यांनी जिंकली. त्यांच्या चित्रातली शिडांसारखी छपरे अप्रतिम होती, पण ती भाराच्या वाटेवरून आखलेली नव्हती. ओव्ह आरुप यांच्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षे संगणकावर आकडेमोड करून त्यांना उभे करण्याचा प्रयत्न केला. १९६१ साली सर्व छपरे एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापून घेण्याची कल्पना निघाली, तेव्हा बांधकाम शक्य झाले. पण छपरांचे वजन वाढले आणि आधी बांधून झालेले काही खांब काढून पुन्हा बांधावे लागले. सत्तर लाख डॉलरांचा अंदाज १९७३ साली इमारत उघडेपर्यंत दहा कोटी वीस लाखांवर गेला. त्या वास्तूच्या सौंदर्याविषयी वाद नाही. परंतु पुढच्या पन्नास वर्षांत अनेकांनी तिच्यापासून घेतलेला धडा चुकीचा होता: वाटेल तो आकार काढावा, तो उभा राहील इतके पोलाद संगणक सांगतो. यंत्र विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. ‘हा आकार उभा राहण्यास किती माल लागेल’ आणि ‘एवढ्या मालात कोणता आकार उभा राहील’ या दोन प्रश्नांत जमीनअस्मानाचे अंतर आहे.

दुसरा प्रश्न विचारणाऱ्यांची परंपरा मात्र खंडित झाली नाही. १९६६ साली केंब्रिजच्या जॅक हेमन यांनी ग्रेगरीच्या जुन्या वचनाला आधुनिक शास्त्राचा पाया घालून दिला. दगडी बांधणीच्या जाडीत समतोलाची एक जरी रेषा मावली तरी ती बांधणी सुरक्षित मानता येते, हे त्यांनी दाखविले. एका रेषेच्या जागी संपूर्ण जाळे घेऊन हाच विचार अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जॉन ऑक्सेनडॉर्फ आणि त्यांचे शिष्य फिलिप ब्लॉक यांनी पुढे नेला. ब्लॉक नंतर झुरिचला, म्हणजे कुलमान यांच्याच विद्यापीठात गेले. संगणकाच्या पडद्यावर दाबाचे जाळे आता बोटाने ओढावे तसे ओढता येते आणि साऱ्या गाठींचा समतोल त्याच क्षणी पुन्हा जुळतो.

या विद्येचा सर्वांत हृद्य उपयोग दक्षिण आफ्रिकेत झाला. लिम्पोपो नदीकाठी मापुंगुब्वे या प्राचीन राज्याच्या अवशेषांजवळ पीटर रिच यांनी आखलेले संग्रहालय आहे. त्याच्या घुमटांचे आकार अमेरिकेत आणि इंग्लंडात हिशेबाने ठरले, पण माल जागेवरच्या मातीचा. मातीत थोडे सिमेंट घालून हातयंत्राने दाबलेल्या सुमारे दोन लाख पातळ लाद्या आसपासच्या बेकार लोकांनी केल्या, आणि त्यांनाच घुमट बांधावयास शिकविले. या लाद्या थरावर थर अशा चिकटवीत नेल्या की खाली भक्कम साचा लागत नाही. ही स्पेनच्या कातालोनिया भागातील गवंड्यांची पूर्वापार रीत आहे. त्या घुमटांत लोखंडी सळई नाही. २००९ साली या इमारतीला जागतिक वास्तुमहोत्सवात त्या वर्षाची सर्वोत्तम इमारत म्हणून गौरविण्यात आले. पुढे २०१६ साली व्हेनिसच्या प्रदर्शनात ब्लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुनखडीचे ३९९ तुकडे चुन्यावाचून व सळईवाचून जोडून एक पसरट छत्र उभे केले. त्याची जाडी काही ठिकाणी फक्त पाच सेंटिमीटर होती.

पण प्रदर्शनातले छत्र ते छत्रच. खरा प्रश्न स्लॅबचा आहे, कारण बहुमजली इमारतीच्या सांगाड्यातले पुष्कळसे वजन मजल्यांत असते. २०२१ साली झुरिचजवळ ड्युबेनडॉर्फ येथे उघडलेल्या एका प्रायोगिक इमारतीत याच मंडळींनी असे मजले घातले आहेत की वरून ते सपाट, पण पोटाशी उथळ कमानीसारखे वळलेले. खालचे टरफल सुमारे दोन सेंटिमीटर जाड, वर त्याला आवळणाऱ्या पातळ बरगड्या, आणि कमान बाहेर फाकू नये म्हणून कडांना पोलादी बंध. नेहमीच्या स्लॅबच्या मानाने काँक्रीट सुमारे सत्तर टक्क्यांनी वाचते, असा संशोधकांचा हिशेब आहे.

मुंबईपुण्याच्या जुन्या इमारतींत ज्यांचे वास्तव्य झाले आहे त्यांना ही रचना अगदीच परकी वाटणार नाही. लोखंडी गर्डरांच्या मध्ये विटांच्या बसक्या कमानी आणि वर भर घालून सपाट केलेली फरशी, ही जॅक आर्चची तक्तपोशी आपल्याकडे ब्रिटिश काळात सर्रास होत असे. ती गेली याची कारणे शास्त्रीय नव्हती, व्यवहाराची होती. गर्डर महाग, कमानीला कसबी गवंडी हवा, आणि स्लॅब मात्र प्लायवूडच्या साच्यावर एका दिवसात ओतून होतो. नव्या वळणदार मजल्यांपुढची अडचणही तीच आहे. त्याचा आकार संगणक क्षणात काढून देतो. त्याचा साचा मात्र कोणाला तरी सुतारखान्यात किंवा कारखान्यात करावा लागतो, आणि त्या साच्याची किंमत वाचलेल्या सिमेंटच्या किमतीपेक्षा अनेकदा जास्त निघते. एकच साचा शेकडो मजल्यांना पुरवावा, कापडाचा साचा ताणून पुन्हा पुन्हा वापरावा, असे प्रयत्न चालू आहेत. तोवर कंत्राटदार सपाट फळ्याच मागवीत राहील, आणि त्याच्या वहीतल्या आकड्यांपुरते पाहिले तर त्याला दोष देता येत नाही.